उपेक्षित मुक्त सॉफ्टवेअरचे पुनरुज्जीवन

कल्याणहून कर्जतच्या दिशेने निघाले, की विठ्ठलवाडीनंतर उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शहरे एकापाठोपाठ लागतात. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी लष्करी छावण्यांत जी वसाहत उभारली, तिला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथ आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहतीमुळे, तर बदलापूर मुंबईस रोज ये-जा करणाऱ्या नोकरदारांमुळे विस्तारले. येथील महानगरपालिका, नगरपरिषदा व आसपासच्या ग्रामपंचायती यांचा कारभार मराठीत चालतो. उल्हासनगरच्या अनेक घरांत सिंधी बोलली जाते. या दोन्ही भाषा संगणकावर लिहिण्याची अनेक साधने मुक्त सॉफ्टवेअर या प्रकारची आहेत. ती टिकवणे हे केवळ अभियंत्यांचे काम नाही, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

उपेक्षा कशी होते?

ज्या सॉफ्टवेअरची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, सुधारता व वाटता येते, त्यास मुक्त सॉफ्टवेअर म्हणतात. केंद्र शासनाने २०१५ साली अशा सॉफ्टवेअरच्या वापरास प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तथापि त्याचा वापर करणारे लाखो असले, तरी देखभाल करणारे कित्येकदा एक-दोघेच असतात. नोकरी बदलली, प्रकृती बिघडली किंवा उत्साह ओसरला, की आलेल्या तक्रारी तशाच पडून राहतात. नव्याने येणाऱ्यास उत्तर मिळत नाही. तोही परत फिरतो. गावातील सार्वजनिक विहिरीचा गाळ काढण्याचे काम कोणाचेच नसावे, तसा हा प्रकार होय.

एक बोलके उदाहरण

कार्यालयीन लेखनासाठी वापरले जाणारे ओपनऑफिस हे सॉफ्टवेअर सन कंपनीने २००० साली मुक्त केले. २०१० च्या आरंभी ती कंपनी ओरॅकलकडे गेली. सुधारणा स्वीकारण्यास लागणारा विलंब व भवितव्याविषयीची अनिश्चितता यांमुळे अस्वस्थ झालेल्या स्वयंसेवकांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी स्वतंत्र संघटना जाहीर केली आणि त्याच आज्ञावलीवरून लिबरऑफिस उभे केले. त्याची पहिली आवृत्ती जानेवारी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली.

या यशामागील कार्यपद्धती अभ्यसनीय आहे. नवागतांसाठी सोप्या कामांची यादी तयार करण्यात आली. जुन्या आज्ञावलीत ठिकठिकाणी जर्मन भाषेतील टिपा होत्या. त्यांचे इंग्रजी भाषांतर करणे हे त्यांपैकीच एक काम होते. जर्मन जाणणाऱ्या, परंतु प्रोग्रामिंगमध्ये नवख्या व्यक्तीसही त्यात हातभार लावता आला. निरुपयोगी झालेले भाग वगळण्यात आले. नवी आवृत्ती कधी निघणार, हे आधीच ठरलेले असे. त्यामुळे आपले काम केव्हा उपयोगात येईल, हे प्रत्येकास कळे.

मराठी शब्दकोशाची अडचण

लिबरऑफिस व फायरफॉक्स यांत शब्दांची शुद्धता तपासण्यासाठी हनस्पेल हे मुक्त सॉफ्टवेअर वापरले जाते. त्याला प्रत्येक भाषेसाठी दोन धारिका लागतात : एकीत मूळ शब्दांची यादी, दुसरीत त्यांना लागणाऱ्या प्रत्ययांचे नियम. मराठीत यादीपेक्षा नियमांचे महत्त्व अधिक आहे. ‘शाळा’ हा शब्द यादीत असला, तरी ‘शाळेत’, ‘शाळेला’, ‘शाळेने’ ही रूपे नियमानेच सिद्ध होतात. नियम नसेल, तर शुद्ध शब्दाखालीही तांबडी रेघ उमटते. अशा खोट्या रेघा वाढल्या, की लिहिणारा सर्वच रेघांकडे दुर्लक्ष करतो. मग दाखल्यातील किंवा ठरावातील खरी चूकही नजरेतून सुटते.

येथे शिक्षकाची गरज भासते. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ व १९७२ च्या शुद्धलेखन नियमांनुसार ‘गरीब’चे ‘गरिबाला’ व ‘पूल’चे ‘पुलावर’ होते. परंतु ‘शरीर’ हा तत्सम शब्द असल्याने त्याचे ‘शरीराला’ असेच रूप राहते. शब्द तत्सम आहे की नाही, हे संगणकास ठाऊक नसते आणि प्रोग्रामरला ठाऊक असेलच असे नाही. मराठीच्या शिक्षकास मात्र ते सहज सांगता येते.

सिंधीचा प्रश्न असाच आहे. ही भाषा अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. तिच्या खास ध्वनींसाठी असलेली ॻ, ॼ, ॾ, ॿ ही देवनागरी अक्षरे २००६ साली युनिकोडच्या ५.० आवृत्तीपासून पूर्णतः उपलब्ध झाली. परंतु अक्षराला क्रमांक मिळाला म्हणजे काम संपत नाही. ते टंकात असावे लागते, कळफलकावर सापडावे लागते व शब्दयादीत योग्य जागी यावे लागते. यासाठी ती भाषा घरात बोलणाऱ्यांचे साहाय्य आवश्यक आहे.

कामाची वाटणी

बंद पडलेला प्रकल्प हाती घेताना प्रथम त्याचा परवाना वाचावा आणि पूर्वीच्या सांभाळणाऱ्याशी संपर्क साधावा. त्याला डावलून काम सुरू करू नये. त्यानंतर प्रलंबित तक्रारींची वर्गवारी करावी. एका बैठकीत उरकेल इतके लहान काम प्रत्येकास द्यावे. शिक्षकाने शब्दांचे वर्ग पाडावेत, ग्रामसेवकाने दाखल्यांत व ठरावांत नेहमी येणारे शब्द कळवावेत, विद्यार्थ्याने नियम लिहावेत व दुसऱ्याने ते तपासावेत. समन्वयकाचे मुख्य काम म्हणजे येणाऱ्या प्रत्येकास वेळेवर उत्तर देणे आणि झालेल्या कामाची नावानिशी नोंद ठेवणे.

दक्षताही तितकीच हवी. माहिती आटोपशीर साठवणारे एक्सझेड हे सॉफ्टवेअर दीर्घकाळ मुख्यत्वे एकाच व्यक्तीच्या श्रमावर चालले होते. मदतीस आलेल्या एका अनोळखी इसमाने दोन वर्षांहून अधिक काळ काम करून विश्वास संपादन केला आणि २०२४ साली त्यात घातक भाग दडवला. संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब का होतो, याचा शोध घेणाऱ्या एका अभियंत्यास मार्च अखेरीस तो आढळला. सारा भार एकट्यावर टाकणे हेच या घटनेमागील एक कारण होते. म्हणून कोणताही बदल किमान दोघांनी तपासल्यावाचून स्वीकारू नये.

उल्हासनगर ते बदलापूर या पट्ट्यात मराठी व सिंधी भाषांचे जाणकार आहेत, महाविद्यालये आहेत आणि संगणकाचे शिक्षण घेणारे तरुणही आहेत. शाळेच्या एका वर्गाने आठवड्याला पंचवीस शब्द तपासले, तरी चाळीस आठवड्यांत एक हजार शब्द होतात. विहिरीचा गाळ एकट्याच्या बळावर निघत नाही. पाट्या हातोहात पोहोचवणारी रांग लावावी लागते.