घरातील सांडपाण्याची दुर्गंधी : कारणे, परीक्षा व उपाय

गावोगावी सेप्टिक टाकीची शौचालये व बंदिस्त मोऱ्या झाल्या आहेत. तथापि काही घरांत शौचालय नवे असूनही दुर्गंधी सुटते, ती असह्य झाली की घरातील माणसे पुन्हा उघड्यावर जाऊ लागतात आणि केलेला खर्च वाया जातो. अशा दुर्गंधीचे मूळ बहुधा अस्वच्छतेत नसून हवेची वाट चुकण्यात असते.

दुर्गंधी कशी निर्माण होते

सेप्टिक टाकीत हवेवाचून जगणारे सूक्ष्म जंतू मैला कुजवितात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व सडक्या अंड्यासारखा वास असलेला हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. ते घरात शिरू नयेत म्हणून भांड्याखाली कोंबडा व मोरीच्या जाळीखाली ट्रॅप बसवितात. त्यांच्या वाकणात राहणारे पाणी हाच वायूला अडविणारा बंध होय. ग्रामीण पद्धतीच्या भांड्यात हा बंध अवघा २० मिलिमीटर खोल असतो.

हवेच्या नळीची कामे दोन. टाकीतील वायू उंचावर सोडणे हे पहिले. पाणी जोराने वाहताना नळात जी पोकळी होते, ती बाहेरच्या हवेने भरून काढणे हे दुसरे. नळी तुंबली असता ती पोकळी ट्रॅपमधील पाणी ओढून घेते, बंध तुटतो व वायू घरात येतो.

परीक्षा

पुढील परीक्षा क्रमाने कराव्यात.

१. प्रत्येक ट्रॅपमध्ये व भांड्यात तांब्याभर पाणी ओतावे. वास थांबल्यास बंध सुकला होता असे समजावे. उन्हाळ्यात न वापरलेल्या मोरीत असे हमखास घडते.

२. रात्री ट्रॅप भरून ठेवावा व काडी बुडवून पाण्याची खोली पाहावी. रात्रभर वापर नसताही सकाळी पाणी बरेच उतरले असल्यास ट्रॅपला तडा आहे.

३. पाणी टिकले असल्यास शौचालयात बादलीभर पाणी एकदम ओतावे. मोरीतून गुडगुड आवाज आला व तेथील पाणी उतरले, तर हवेची नळी तुंबलेली किंवा अपुरी आहे.

४. सर्व बंध भरलेले असूनही वास येत असल्यास सांधा फुटला असावा किंवा टाकीच्या झाकणास भेग असावी. त्यासाठी हवेच्या नळीच्या वरच्या तोंडातून थोडे पेपरमिंटचे तेल व मागोमाग गरम पाणी ओतून तोंड ओल्या फडक्याने झाकावे. दुसऱ्या माणसाने घरात पेपरमिंटचा वास कोठे येतो ते शोधावे. तेल हाताळणाऱ्याने तोवर घरात येऊ नये. परीक्षा संपताच फडके काढावे.

५. वास केवळ अंगणात वा खिडकीशी येत असल्यास नळी आखूड आहे.

उपाय

क्वचित वापरातील ट्रॅपमध्ये आठवड्यातून एकदा पाणी घालावे. दीर्घकाळ गावी जाताना त्यावर चमचाभर गोडेतेल सोडल्यास पाणी लवकर आटत नाही. फुटका ट्रॅप बदलावा, सांधे नीट जोडावेत व झाकणाच्या भेगा सिमेंटने बुजवाव्यात.

हवेची नळी किमान ५० मिलिमीटर व्यासाची असावी. टाकी घरालगत असल्यास नळी छपराच्या माथ्यापेक्षा २ मीटर उंच न्यावी. तोंडावरील जाळीत कोळिष्टके किंवा पक्ष्यांचे घरटे असल्यास साफ करावे. मात्र जाळी काढून टाकू नये. हत्तीरोग पसरविणारे क्युलेक्स डास सेप्टिक टाकीत वाढतात. विदर्भातील हत्तीरोगग्रस्त भागात तर ही जाळी अत्यावश्यक आहे.

दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयास हवेची नळी लागत नाही, कारण वायू भोवतालच्या मातीत शोषला जातो. तेथे वास आल्यास कोंबडा व झाकण तपासावे, नळीवर खर्च करू नये.

सावधगिरी

झाकण उघडताना जवळ विडी, कंदील वा काडी पेटवू नये, मिथेन पेट घेतो. टाकीत कोणत्याही कारणास्तव उतरू नये. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाक बधिर होते व वास येईनासा होतो. म्हणून 'वास नाही, म्हणजे धोका नाही' हा समज प्राणघातक आहे. आत कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे उडी घेऊ नये, अशाने एकामागून एक माणसे दगावतात. ११२ या क्रमांकावर तत्काळ मदत मागवावी. संरक्षक साधनांवाचून माणसास टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. उपसा यंत्राच्या गाडीनेच करून घ्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी एका घरी या परीक्षा शेजाऱ्यांसमक्ष करून दाखवाव्यात. नवे बांधकाम करणाऱ्या गवंड्यासही तेथे बोलवावे, म्हणजे पुढील घरांत हे दोष मुळातच टळतील.