वाळक्या केळीच्या पानावरचे काळे ठिपके

पावसाळ्यात केळीवर करपा येतो, हे आपल्या रावेर-यावलकडे कोणाला सांगायला नको. पानावर आधी शिरांच्या दिशेने पिवळट रेघा येतात. मग त्या तपकिरी होतात, मधला भाग राखाडी पडतो व भोवती काळसर कड राहते. शेवटी पान वाळते. घड नीट पोसत नाही, फण्या अवेळी पिकतात आणि व्यापारी भाव पाडतो. पान वाळले म्हणजे रोगही मेला, असे पुष्कळजण म्हणतात. पण तसे नाही! पान मेले तरी बुरशी जिवंत असते.

वाळलेले पान उजेडात धरून राखाडी डागाकडे भिंगातून पाहा. टाचणीच्या टोकाहूनही बारीक काळे ठिपके दिसतील. ओल्या बोटाने चोळा. धूळ असेल तर निघून जाईल. बुरशीचा ठिपका पानाच्या आत रुतलेला असतो, तो निघत नाही. तो म्हणजे एक इवलासा गाडगाच, फक्त तोंड तेवढे वर.

एवढ्यावरून मात्र ओळख पटत नाही, कारण काळे ठिपके करणाऱ्या बुरश्या पुष्कळ आहेत. ब्लेडने ठिपक्याचा पातळ काप घेऊन पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. गाडग्यात लांबट पिशव्या दिसल्या व प्रत्येकीत आठ बीजाणू असले, तर ती ॲस्कोमायसिटीज गटातली. ग्रीक भाषेत ॲस्कोस म्हणजे कातड्याची पिशवी, आपली पखालच म्हणा ना. करप्याच्या बीजाणूला मधोमध पडदा असतो, म्हणजे एकात दोन खोल्या. तो इतका लहान, की एका मिलिमीटरात ओळीने साठेक मावतील. पिशव्या नाहीत आणि एकाच खोलीचे बीजाणू मोकळे पडलेत, तर ती बुरशी निराळी समजावी.

या बुरशीला मायकोस्फेरेला म्हणत. आता शास्त्रज्ञ स्यूडोसर्कोस्पोरा म्हणतात. रोगाचे सिगाटोका हे नाव फिजी बेटावरच्या एका खोऱ्याचे आहे. तिथे 1912 च्या सुमारास त्याने केळीबागांत धुमाकूळ घातला होता.

मला सगळ्यात नवल वाटले ते पुढचेच. वाळके पान भिजले, की पिशव्या फुगतात आणि बीजाणू बाहेर उडवतात. मग वारा त्यांना दुसऱ्याच्या बागेतही नेतो. पान भिजवून डबीच्या झाकणाला आतून चिकटवले व खाली काच ठेवली, तर तासा-दोन तासांत बीजाणू काचेवर सापडतात. म्हणून खोडावर लोंबणारी वाळकी पाने कापून बागेबाहेर न्यावीत व पुरावीत. नुसती फवारणी करून पाने तशीच लोंबत ठेवणे, हे मला तरी अर्धेच काम वाटते.

कोणाला आपल्या बागेतले पान तपासायचे असेल तर ते वर्गात आणावे. मात्र कागदात गुंडाळून आणा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम सुटतो आणि भलतीच बुरशी चढते.