स्वस्त विमान, महागडी मालकी

प्रश्न : परदेशात नोंदलेले जुने चार आसनी सेसना १७२ स्वस्तात घेऊन दापोलीला ठेवता येईल का? – एक वाचक, दापोली

उत्तर : घेता येईल, पण खरेदीची किंमत हा खर्चाचा केवळ पहिला हप्ता असतो. १९४४च्या शिकागो करारानुसार एकाच विमानाची नोंदणी दोन देशांत चालत नाही. म्हणून तिकडची नोंदणी रद्द करून इथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे ‘व्हीटी’ क्रमांक आणि उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळवावा लागतो. त्यासाठी देखभालीच्या नोंदवह्या पूर्ण हव्यात. त्या अपुऱ्या असतील, तर स्वस्त विमानही महागात पडते. दापोलीला धावपट्टी नाही, आणि खाऱ्या हवेत ॲल्युमिनियम गंजते. त्यामुळे विमान दूरच्या विमानतळावर, बंद हँगरमध्ये भाड्याने ठेवावे लागेल.

‘मग विमान घरीच बांधू’ असे कुणी म्हणेल. कांदिवलीत गच्चीवर विमान बांधणाऱ्या अमोल यादवांनाही नोंदणीसाठी २०१७पर्यंत थांबावे लागले. कागदपत्रांतून सुटका तिथेही नाही. भाडे, विमा, तपासणी यांचा खर्च उड्डाण न करताही चालूच राहतो. म्हणून वर्षाला मोजकेच तास उडणाऱ्याने फ्लाइंग क्लबचे विमान तासावर घ्यावे; मालकीच हवी असेल, तर भारतात आधीच नोंदलेले विमान तिघाचौघांनी मिळून घ्यावे.