सोळा शेते आणि मंडळाची सरासरी

विद्यार्थिनी : उमरेड तालुक्यातील एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनची शेते असंख्य, पण पीक कापणी प्रयोग होतात ते मोजक्याच शेतांत, मग त्यांवरून साऱ्या मंडळाचा सरासरी उतारा कसा सांगता येतो?

प्राध्यापक : नेमका सांगता येत नाही, कितीपासून कितीपर्यंत असावा, एवढे सांगता येते. ज्या सर्व शेतांविषयी विधान करायचे ती समष्टी, आणि त्यांतून निवडलेली शेते हा नमुना. समजा, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या 16 शेतांचा सरासरी उतारा हेक्टरी 12 क्विंटल आला आणि शेताशेतांतील फरकाचे माप, म्हणजे प्रमाण विचलन, 4 क्विंटल निघाले. या 4 ला 16 च्या वर्गमुळाने भागले की 1 क्विंटल ही प्रमाण त्रुटी मिळते. नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती ढळते, हे ती सांगते. नमुना लहान असल्यामुळे गॉसेट यांनी 1908 मध्ये ‘स्टुडंट’ या टोपणनावाने मांडलेल्या वितरणातून 2.13 हा गुणक घ्यावा लागतो, आणि 9.87 ते 14.13 क्विंटल हा 95 टक्क्यांचा विश्वास्यता-अंतराल हाती येतो.

विद्यार्थिनी : म्हणजे खरी सरासरी या दोन आकड्यांमध्ये असण्याची शक्यता 95 टक्के?

प्राध्यापक : तसे म्हणणे चूक आहे, आणि ही चूक जाणकारांकडूनही होते. खरी सरासरी अज्ञात असली तरी स्थिर असते; बदलतो तो अंतराल, कारण दुसरी 16 शेते निघाली असती तर आकडेही दुसरे आले असते. अशीच निवड पुन्हा पुन्हा केली, तर शंभरातील सुमारे 95 अंतरालांत खरी सरासरी सापडेल, एवढीच ही हमी आहे. येर्झी नेमन यांनी 1937 मध्ये ही उपपत्ती सविस्तर मांडली. लंडनमध्ये त्यांच्याकडे शिकलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी विनायक गोविंद पानसे यांच्यासह यादृच्छिक निवडीचे पीक कापणी प्रयोग भारतात रुजवले.

विद्यार्थिनी : शेतांची संख्या वाढवली तर?

प्राध्यापक : विचलन तेवढेच राहिले, तर 64 शेतांनी प्रमाण त्रुटी निम्मी होते आणि अंतराल सुमारे 11 ते 13 इतका आवळतो. मात्र रस्त्याकडेची, पोहोचायला सोपी शेतेच निवडली, तर हजार प्रयोगांनीही ती चूक भरून निघत नाही. उलट चुकीच्या आकड्याभोवतीचा अरुंद अंतराल खोटा भरवसा देतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत मंडळाची सरासरी उंबरठा उत्पादनाखाली गेली की भरपाई मिळते. तो उंबरठा 13 क्विंटल असेल, तर तो 16 शेतांच्या अंतरालात सहज बसतो, म्हणजे मंडळाचा खरा उतारा उंबरठ्याखाली गेला की नाही, हे त्या नमुन्यावरून ठामपणे सांगता येत नाही. म्हणून शेतकऱ्यांसमोर ठेवल्या जाणाऱ्या प्रत्येक सरासरीशेजारी तिचा अंतरालही छापला गेला पाहिजे.