परसबागेतले डाळिंब : काडी निवडा बेण्यासारखी



कांडी लावून ऊस करणे हे आपले रोजचेच काम. डाळिंब, अंजीर हीसुद्धा अशीच काडीपासून येतात. याला छाट कलम म्हणतात. मूळ झाडाचा गुण जसाच्या तसा उतरतो. राहुरी विद्यापीठाच्या 'भगवा' डाळिंबाचे बी लावले तर तो भरवसा नाही.

पण गुणाबरोबर रोगही येतो. उसाची गवताळ वाढ बेण्यातून पसरते, तसाच डाळिंबाचा तेल्या काडीतून पसरतो. आटपाडी, माण भागातल्या बागांनी तो सोसला आहे. मीही एकदा पाहुण्यांच्या बागेतून न बघता काड्या आणल्या. पावसाळ्यात पानांवर तेलकट डाग दिसले नि सारी रोपे उपटून जाळावी लागली. म्हणून पाने, फांद्या, फळे नीट पाहूनच झाड निवडा.

रीत अशी : वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड, ९-१० इंच लांब काडी घ्यावी. बुडखा डोळ्याखाली तिरका कापावा, शेंडा डोळ्यावर सरळ. म्हणजे लावताना उलटसुलट होत नाही. बुडखा आयबीए संजीवकात बुडवल्यास मुळ्या चांगल्या सुटतात. काडीचे दोन भाग मातीत, एक भाग वर ठेवावा. सावली करावी. ओल हवी, पण पाणी साचू नये.

पालवी आधी फुटते, मुळ्या मागाहून. तेव्हा पोरांना काडी उपटून बघू देऊ नका! दोन-अडीच महिन्यांनी रोप जागेवर लावावे.

– ऊस विकास अधिकारी