नारदांचा एक प्रश्न आणि मे महिन्याची सुट्टी



आजचं वाचन : महाभारत, सभापर्व, अध्याय 5

मयसभा बांधून झाली आहे, पांडव तिथे बसलेत आणि नारद येतात. नारद म्हटलं की आपल्याला वीणा, नामस्मरण आणि भक्तिसूत्रं आठवतात. इथे मात्र ते युधिष्ठिराला प्रश्नांवर प्रश्न विचारत सुटतात. किल्ले, कोठारं, मंत्री, हेर, शेती, कर. त्याच ओघात एक प्रश्न येतो: सैन्याला त्यांचं अन्न आणि वेतन योग्य तेवढं, ठरल्या वेळी देतोस ना? लांबवत तर नाहीस?

गंमत म्हणजे इथे अन्नासाठी मूळ शब्द आहे ‘भक्त’. आपला ‘भात’ त्यातूनच आलाय. भक्तीचा आचार्य ‘भक्त’ म्हणतो आणि त्याला ताटातला भात अभिप्रेत असतो! वाचताना मी इथे थोडा थांबलो.

पुढे नारद कारणही देतात. अन्न-वेतनाला उशीर झाला की पदरी असलेली माणसं धन्यावर रागावतात, आणि तो मोठा अनर्थ. हा राग ओढगस्तीतून येतो, असंही ते म्हणतात. म्हणजे माणसं उद्धट झाली, कृतघ्न झाली असा ठपका नाही. पैसे नाहीत म्हणून राग. रामायणातही अयोध्याकांडात, चित्रकूटावर भेटायला आलेल्या भरताला राम जवळजवळ हाच प्रश्न विचारतो. भाऊ वनवासात, वडील गेलेले, आणि विचारपूस कसली, तर लोकांचे पगार वेळेवर होतात का.

तुम्ही म्हणाल, आपण कुठे राजे, आपल्याकडे कुठलं सैन्य? बरोबर. पण भुकूममध्ये पौड रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्या सोसायट्या झाल्यात, तिथे दोघंही नोकरी करणारी कितीतरी घरं एका माणसावर उभी आहेत. बाळाला सांभाळायला येणाऱ्या मावशी. त्या सकाळी आल्या की आपण चांदणी चौकाच्या नाहीतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये घुसतो. त्या आल्या नाहीत तर आपलं लॉगिनही होत नाही. वेतनाचा प्रश्न आपल्याला लागू होतो तो इथे.

आणि तो नेमका एप्रिल-मे मध्ये टोचतो. तिकिटं काढलेली असतात. तीन आठवडे केरळ, गाव, नाहीतर बहिणीकडे सिंगापूर. मग प्रश्न येतो, ‘एवढे दिवस आपण नाहीच, तर मावशींचा पगार किती कापायचा?’ किती हे विचारतात, कापायचा का हे कोणी विचारत नाही.

हिशोब करून बघू. समजा पगार महिना 15,000. दिवसाला 500. सुट्टी 21 दिवसांची. 10,500 कापले, हातात उरले 4,500. खोलीचं भाडं मात्र पूर्ण महिन्याचं. बचत गटाचा हप्ता पूर्ण. आणि पुढचा महिना जून, म्हणजे मुलांच्या वह्या, पुस्तकं, दप्तर, रेनकोट. आपली सुट्टी येते ती त्यांच्या सगळ्यात खर्चाच्या महिन्याच्या तोंडावर. बरं, तीन आठवड्यांसाठी दुसरं बाळ कोण देणार त्यांना? आणि मिळालंच आणि त्या तिकडेच राहिल्या, तर आपणच म्हणणार, ‘बघा, विश्वासच ठेवायची सोय नाही.’ त्यांनी आपल्यासाठी जागा अडवून ठेवावी अशी आपली अपेक्षा असते. अडवून ठेवलेल्या जागेचं भाडं लागतं. पार्किंगचंसुद्धा लागतं.

‘काम नाही तर पैसे कशाचे?’ हा प्रश्न टाकाऊ नाही. खुद्द कौटिल्याने तो घेतलाय. अर्थशास्त्राच्या तिसऱ्या अधिकरणात तो आधीच्या आचार्यांचं मत सांगतो: कामाला हजर झालेल्या माणसाकडून मालकाने काम करून घेतलं नाही, तर ते काम झालं असंच धरावं. मग कौटिल्य म्हणतो, नाही, वेतन केलेल्या कामाचं असतं, न केलेल्याचं नसतं.

इथेच वाचन थांबवलं तर पगार कापणाऱ्यांची बाजू भक्कम होते. पण त्याच्या पुढचं वाक्य वाचा. थोडं जरी काम करून घेतलं आणि मग मालकानेच उरलेलं करू दिलं नाही, तर ते सगळं झालं असं समजावं. मावशी वर्षभर येतायत. त्या महिन्याचे पहिले नऊ दिवसही आल्यात. दाराला कुलूप आपण लावलं. म्हणजे कौटिल्यासारख्या काटेकोर माणसाच्या हिशोबानेही, मला तरी, पगार पूर्ण निघतो. त्याच्या डोळ्यांसमोर महिन्यावारी बाळ सांभाळणं नव्हतं हे मान्य, पण काम कोणाच्या निर्णयाने थांबलं हा त्याचा निकष इथे चपखल बसतो.

आपल्या क्षेत्रातल्या लोकांना हे समजायला सोपं आहे. प्रोजेक्ट संपला, पुढचा आला नाही, की आपण बेंचवर. तेव्हा पगार येतोच, आणि त्याला कोणी उपकार म्हणत नाही. क्लायंटकडे डिसेंबरमध्ये सगळं बंद असतं तेव्हाही येतो. (बेंच हल्ली लवकर संपतो, तो विषय वेगळा.)

‘उपकार’ शब्द मुद्दाम वापरला. आपल्यापैकी बरेच जण पूर्ण पगार देतात, पण मनात त्याची नोंद दानधर्मात करतात. स्मृतिग्रंथांत न्यायसभेसमोर येणाऱ्या वादांचे 18 विषय मोजलेत, त्यात कर्ज न फेडणं आहे, ठेव बुडवणं आहे, आणि वेतन न देणंही आहे. वेतनाची जागा कर्जाच्या शेजारी आहे. ते दिलं म्हणून पुण्य जमा होत नाही, फक्त देणं फिटतं. मावशींनी आभार मानले नाहीत म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. आपण एचआरला दर एक तारखेला आभाराचा मेल करतो का?

ही मागणी नवीन नाही. आपल्याच पुण्यात 1980 साली मोलकरणींनी संप केला, त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली आणि पगारी रजेची भाषा घराघरांत पोचली. 2008 मध्ये राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण तो नोंदणी आणि कल्याण योजनांचा. आपल्या ट्रिपच्या काळात पगार द्यायचा की नाही, हे अजून आपल्या घरातच ठरतं. म्हणून तर नारदांचा प्रश्न कामाचा.

काही अवघड जागा आहेत. ‘त्यासुद्धा गावच्या जत्रेला जातात, ते दिवस यात वळते करू.’ नको. ती त्यांची रजा, ही आपली. दोन्ही एकाच तारखांना आणायचं असेल तर महिनाभर आधी विचारा, त्यांना जमत असेल तरच. ‘आल्यावर चार रविवार जास्त येतील’ हेही तसंच. आधी मोकळेपणाने ठरलं तर ठीक, परत आल्यावर जाहीर केलं तर ती वसुली. त्या काळात त्यांनी दुसरीकडे चार पैसे मिळवले तर ते त्यांचे, आपण चौकशीही करू नये. मावशींना ट्रिपला सोबत नेत असाल, तर ती त्यांची सुट्टी नाहीच. रात्रीही बाळ त्यांच्याकडेच असतं, तेव्हा पगार वाढायला हवा.

आणि सहा महिने ऑनसाइट जायचं असेल तर? तिथे पूर्ण पगार सगळ्यांना झेपणार नाही, हे मी समजू शकतो. मग जागा अडवू नका. महिनाभर आधी स्पष्ट सांगा, एक महिन्याचा पगार जास्तीचा द्या आणि जायच्या आत दुसरं घर शोधून द्या. ‘येऊ तेव्हा बघू’ असं मोघम बोलून माणूस टांगता ठेवणं, ते वेतन लांबवण्यातच जमा.

एक साधी गोष्ट राहिली. पगार परत आल्यावर नाही, निघायच्या आदल्या दिवशी द्या. नारद ‘ठरल्या वेळी’ म्हणतात, आणि एक तारखेला आपण मुन्नारच्या घाटात असतो, रेंज नसते.

याच अध्यायात थोडं पुढे नारद विचारतात, तुझ्यासाठी जे मेले किंवा संकटात सापडले, त्यांच्या घरच्यांना सांभाळतोस ना? तो प्रश्न उद्या घेऊ.

राम कृष्ण हरी.