ड्रॉइंग फ्रीज करण्याआधी

एनपीडीत, म्हणजे नव्या प्रॉडक्टच्या डेव्हलपमेंटला लागलास, छान झालं. आता काकाचं चार मिनिटं ऐक.

एसीत बसून ड्रॉइंग फ्रीज करू नकोस. आधी भोसरीत प्लेटिंगवाल्याकडे जाऊन ये. बोल्टवर ८ मायक्रॉन झिंक चढलं की आट्यांचा पिच डायमीटर त्याच्या चौपट, म्हणजे ३२ मायक्रॉन वाढतो. प्लेटिंगच्या पोराला हे पाठ असतं. डिझाइनवाल्याला नट अडकल्यावर कळतं. १२.९ ग्रेडचा बोल्ट झिंक करून बेक केला नाही, तर हायड्रोजन आत राहतो. आवळला तेव्हा ठणठणीत, दुसऱ्या दिवशी डोकं तुटून हातात! असलं ज्ञान तुमच्या सर्व्हरवर नसतं रे, व्हॅटशेजारी उभं असतं.

पण विचारायला जाताना पर्चेसवाल्याला बरोबर नेऊ नकोस. त्याच्यासमोर व्हेंडर तोंड उघडत नाही. आज सांगितलेली खुबी उद्या शेजारच्याच्या कोटेशनमध्ये दिसते, हे त्यानं भोगलेलं असतं. तेव्हा एकाचं गुपित दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, साहेबानं सांगितलं तरी.

व्हेंडरशी अशी ओळख आधीपासून का हवी, त्याला टोयोटाचं उदाहरण लक्षात ठेव. १ फेब्रुवारी १९९७ला जपानमध्ये करियात त्यांच्या व्हेंडरचा, ऐसिनचा कारखाना जळाला. ब्रेकचा छोटासा पी-व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच यायचा, त्यामुळे टोयोटाच्या लाइन्स थांबल्या. ड्रॉइंग वाटली, पण ऐसिनची खास मशिनं इतरांकडे कुठली? ज्यानं त्यानं आपापल्या मशिनवर मार्ग काढला. शिलाई मशिनवाल्या ब्रदरनंसुद्धा! काही दिवसांत व्हॉल्व्ह येऊ लागले. एकमेकांचं काम आधीपासून ठाऊक होतं, म्हणून जमलं.

रिव्हिजन बदललीस की कारण लिही. ‘रेडियस २ चा ३ केला’ एवढंच लिहिलंस, तर पुढचा इंजिनिअर फिटमेंटसाठी तो खुशाल परत २ करील. ‘फोर्जिंगला तिथं क्रॅक येत होती’ एवढं लिहायला कितीसा वेळ लागतो? आणि व्हेंडरच्या मशिनवर चिकटवलेला जुना प्रिंट स्वतः काढून आण. मेल पाठवून तो निघत नाही.

एफएमईएची, म्हणजे पार्टमध्ये काय काय बिघडू शकतं त्याची, जुनी फाइल कॉपी करून पार्टचं नाव बदलणारे पुष्कळ भेटतील. पीपॅप, म्हणजे कस्टमरचं पार्ट अप्रूव्हल, पासही होतं, काय बोलायचं! तू मात्र ट्रायलचे रिजेक्ट पीस भंगारात जाऊ देऊ नकोस. टॅग लाव, पुढच्या मॉडेलच्या पहिल्या मीटिंगला टेबलावर ठेव.

आणि ट्रायलला सेफ्टी शूज घालून जा. ऑफिसचे चकचकीत बूट दिसले की ऑपरेटर निम्मं बोलतच नाही.